रिपोर्ट नॉर्मल आला ती आखाजी

वैशाख लागला की धुळ्याच्या उन्हाला आवाज फुटतो. दुपारी क्वार्टर्सच्या मागे निंबाखाली उभं राहिलं की तो ऐकू येतो. पत्रे तडकत असतात, कुणाच्या तरी कूलरचं पाणी ठिबकत असतं, होला घुमत असतो. आणि या सगळ्याच्या खालून एक बारीक, न थांबणारा सूर येत राहतो. लहानपणी मला वाटायचं, ऊन रस्त्यावरून चालत जातं आणि हा त्याच्या पायांचा आवाज आहे. आता नोकरीला लागून बरीच वर्षं झाली, तरी ड्यूटी संपवून त्या निंबाखालून जाताना मी क्षणभर थांबतेच. निंबाचा मोहर केसांत पडतो. त्याचा वास कडूही नसतो, गोडही नसतो. झोपेत कुणीतरी हाक मारावी आणि जाग आल्यावर कुणी मारली ते आठवू नये, तसा काहीतरी तो वास असतो.

काल त्या निंबाला कुणीतरी झोका बांधला. म्हणजे आखाजी आली.

बाहेरच्या लोकांना अक्षय्य तृतीया म्हटली की सोन्याची दुकानं आठवतात. आम्हा खान्देशातल्या बायकांना आठवतो तो झोका. दिवाळीला लेक आली नाही तर माय समजून घेते. आखाजीला आली नाही तर गल्लीतल्या चार बायका विचारायला येतात. लग्न होऊन गेलेल्या पोरी या सणाला माहेरी येतात, आणि गावातल्या प्रत्येक निंबाला, चिंचेला दोर लागतात. घरात पाण्यानं भरलेली घागर पूजतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवतात, गेलेल्या माणसांची आठवण काढतात. बाप्ये सावली धरून पत्ते खेळतात. खापरावर पुरणाचे मांडे होतात, परातीत आमरस निघतो, आणि जेवणं उरकली की बायका झोक्यांकडे धावतात. वर्षभर डोक्यावरून न ढळलेला पदर त्या दिवशी वाऱ्यावर असतो. झोका वर गेला की क्षणभर ना सासर असतं ना माहेर. पायाखाली नुसतं ऊन असतं.

आमचं गाव अमळनेर आणि धुळ्याच्या मधलं, बोरी नदीच्या अंगानं. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळूच. आबा शेती करायचे, कपाशी आणि ज्वारी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. खरं म्हणजे अक्का, माझी मोठी बहीण, माझ्याहून हुशार. पाढे ती मला भाकरी थापता थापता शिकवायची, आणि चुकलं की पिठाचा हात गालावर उमटायचा. तिचं लग्न लवकर झालं, रावेरकडे, केळीवाल्यांच्या घरात. ती गेली आणि तिच्या वाटणीचं शिक्षण जणू माझ्याकडे आलं. मी धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. सुट्टीत घरी आले होते. अक्का आखाजीच्या आदल्या दिवशीच आली होती. येताना तिनं केळीच्या फण्या आणल्या होत्या, आणि सगळं घर त्या वासानं भरून गेलं होतं.

त्या दुपारी ती झोक्यावर उभी राहिली. उभ्यानं झोका चढवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. समोरून सखूकाकू ओरडली, "बस वं आते, सासरना बगीचा दिसना का तठून?"

"दिसना! मन्ही सासू केळी मोजी राहिनी!" वरून अक्का ओरडली, आणि सगळ्या बायका फिस्सकन हसल्या.

ते हसू अजून हवेत होतं, तेवढ्यात दोराची गाठ सरकली. मला ती पडताना दिसलीच नाही. दिसला तो फक्त रिकामा पाट, एका बाजूला लोंबणारा. अक्का ओट्याच्या दगडापाशी पडली होती. डोक्याचा मागचा भाग आपटला होता. क्षणभर तिचे डोळे उघडे होते, पण त्यांत आमच्यापैकी कुणीच नव्हतं. मग ती उठून बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज काय शे?" आम्ही सांगितलं, आखाजी. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मग तिला उलटी झाली.

आबांनी गाडी केली. धुळ्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं डोक्याचा फोटो काढला. तरुण डॉक्टर होते, सकाळपासून उभे असावेत; आमच्या पाठीमागे माणसांची ही रांग. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "सीटी नॉर्मल आहे. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. काही नाही झालं. घेऊन जा घरी."

ते खोटं बोलत नव्हते. त्या फोटोत खरंच काही नव्हतं. पण "काही नाही झालं" हे तीन शब्द आम्ही प्रसादासारखे घरी आणले. माझे मोठे काका, नाना, सोबत आले होते. त्यांनी वाटेत सगळ्यांना उसाचा रस पाजला. अक्का गाडीत खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिनं रस घेतला नाही. डोळ्यांवर पदर ओढून घेतला. कुणाला त्यात काही वाटलं नाही. ऊनच तेवढं होतं.

पुढचे दिवस आठवायला गेले तर मला ते सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. कदाचित अक्काला ते जसे दिसले असतील तसेच ते माझ्याकडे राहिले. मधल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि दाराच्या फटीतून आलेली उजेडाची एक पट्टी. अक्का त्या पट्टीपासून दूर सरकून बसलेली. स्वयंपाकघरात पितळी खाली पडली आणि तिनं दोन्ही हात कानांवर दाबून घेतले, जणू पितळी तिच्या डोक्यातच पडली होती. वरणात तिनं मीठ घातलं, आणि जराशानं पुन्हा घातलं. शेजारच्या लग्नाचा डीजे सुरू झाला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली. कारण विचारलं तर म्हणाली, "माले माहीत नही."

अक्का कधी रडायची नाही. लग्नातसुद्धा रडली नव्हती. उलट मला म्हणाली होती, आता पाढे स्वतःचे स्वतः म्हण.

आणि माय तिला झोपू देत नव्हती. कुणीतरी सांगितलं होतं, डोक्याला मार लागलेल्या माणसाला झोपू देऊ नये, झोपेतच जातं. दवाखान्यात कुणी याबद्दल काही बोललं नव्हतं, म्हणून मायनं ऐकलेलंच खरं धरलं. अक्काच्या पापण्या मिटल्या की माय खांदा हलवायची. "उठ माय, झोपू नको. डोकाले मार लागेल शे." दिवसा हलवायची, पहाटे हलवायची. मायेपोटीच. माय स्वतःही झोपत नव्हती. त्या दोघी एकमेकींना जागवत बसलेल्या मी पाहिल्या आहेत, एक भीतीनं जागी, दुसरी त्या भीतीपुढे नाही म्हणता येत नाही म्हणून.

आखाजी झाली की पोरी परततात. शेजारच्या घरातल्या गेल्या, समोरच्या गेल्या. झोक्यांचे दोर उतरले. दाजींचा, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचा, फोन आला, कधी न्यायला येऊ? मायनं सांगितलं, डोकं दुखतंय, दोन दिवसांनी. पुन्हा फोन आला. पुन्हा डोकं दुखत होतं. तिकडे बागेत कापणी सुरू होती, घरात माणूस हवं होतं. तिसऱ्यांदा दाजी म्हणाले, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना? मग?"

गल्लीनंही हाच प्रश्न विचारला, आणि उत्तरही गल्लीनंच दिलं. सखूकाकू ओट्यावर शेंगा निवडत मायला म्हणाली, "वहिनी, राग येऊ दे नको. पोरले सासरे जावानं नही शे. बठ्ठं सोंग शे. मी बी करेल शे मन्हा काळमा. पोट दुखाडं होतं मी."

त्यात विखार नव्हता. तिच्या अनुभवात, माहेरी आलेल्या लेकीचं दुखणं लांबलं की त्याचं एकच कारण असायचं. आमच्या सगळ्यांच्याच अनुभवात.

नानांनी मात्र या कारणाच्या मागचं कारण शोधलं. पोर सासरी जायला नको म्हणते, म्हणजे तिथं काहीतरी होत असणार. नाना अक्कावर जीव टाकणारे. त्यांना मुलगी नव्हती. एका संध्याकाळी ते मधल्या खोलीत आले, पाटावर बसले, आणि आवाज शक्य तेवढा मऊ करून त्यांनी विचारलं, "खरं सांग बेटा. त्या लोके तुले तरास देतस का?"

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. ती भिंतीकडे पाहू लागली, मग हाताकडे, मग पुन्हा नानांकडे. मी दारात उभी होते. मला दिसत होतं की ती शब्द शोधते आहे, अंधारात हात फिरवून काडेपेटी शोधावी तशी. पण नानांना ते दिसलं नाही. त्यांना दिसली ती गप्प राहिलेली पोर.

"दखं ना?" ते बाहेर येऊन आबांना म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पोर गप बठनी. आते आखो काय सांगानं राहिनं?"

आमच्याकडे लेकीचं मौन म्हणजे हुंकार धरतात. तिनं नाही म्हटलं असतं तर नानांनी कदाचित विश्वास ठेवला नसता. पण ती काहीच बोलली नाही, म्हणून त्यांची खात्री पटली. ठरलं की पोरीला आता पाठवायचं नाही. सासरकडच्यांना बोलवायचं, चार माणसं बसवायची, आणि काय तो निकाल लावायचा. आबा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. एक चांगला चाललेला संसार मोडायला एवढं पुरलं असतं. एक सरकलेली गाठ, आणि एक न आलेलं वाक्य.

मी घराच्या मागे जाऊन कॉलेजातल्या मॅडमना फोन लावला. आम्हाला मज्जासंस्थेचा भाग शिकवणाऱ्या मॅडम. सुट्टीत फोन करायची भीती वाटत होती. त्यांनी रागावून नव्हे, तर बस, आता सावकाश सांग, अशा आवाजात सगळं ऐकून घेतलं. अधूनमधून एकेक विचारत होत्या. उलट्या थांबल्या का? हात-पाय नीट हलवते का? जाग येते का हाक मारल्यावर? फिट आली का? डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय का, की तेवढीच आहे? मी सांगत गेले. मग त्या म्हणाल्या, "बेटा, फोटोत मेंदू दिसतो. मेंदूचं काम दिसत नाही. हलका मार लागला तरी काही आठवडे असं होतं. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, विसरायला होतं, चिडचिड, रडू. शब्द उशिरा येतात. बहुतेकांचं हळूहळू जातं. पण हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो, आणि घरचे भलतंच समजतात. आणि तिला झोपू द्या आधी. सुरुवातीची लक्ष ठेवायची वेळ गेली आता. झोप हेच तिचं औषध आहे. एकदा इकडे घेऊन ये, मी डॉक्टरांशी बोलते."

त्या क्षणी मला शिक्षण म्हणजे काय ते समजलं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच आठवतं की मी गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून बसले. बहीण वेडी होत नव्हती. खोटंही बोलत नव्हती. तिच्या त्रासाला पुस्तकात जागा होती.

पण ते घरात सांगणं सोपं नव्हतं. नाना म्हणाले, "डाक्टरनी सांगं ना, काही नही म्हनीसन? रिपोर्ट चांगला शे. तू डाक्टरपेक्षा शानी व्हई गई का?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मला खरं मानायचं होतं. पण मोठ्या भावासमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. मायनं तेवढं ऐकलं. त्या दुपारी तिनं अक्काला हलवलं नाही. खोलीच्या दाराशी पोतं लावलं, फट बुजवली, आणि स्वतः दाराबाहेर बसून राहिली. पण अक्काचीच आता झोपायची छाती होत नव्हती. डोळा लागला की ती दचकून उठायची.

दुसऱ्या दिवशी, ऊन मी म्हणत असताना, एसटीतून दाजी उतरले, आणि त्यांच्यामागून त्यांची आई. अक्काच्या सासूबाई आमच्या घरी लग्नानंतर कधी आल्या नव्हत्या. उंच, हाडापेरानं मोठी बाई. हातात पिशवी, पायांत धुळीनं पांढरी झालेली चप्पल. ओट्यावर नाना बसलेच होते.

"या," नाना म्हणाले. "बरं झालं उना. आम्ही बोलावनारच होतो."

"मी भांडाले नाही आली, व्याही," त्या म्हणाल्या, आणि न विचारता ओट्याच्या कडेला टेकल्या. "पाहाले आली. सून फोनवर बोलत नाही. पोरगा म्हणते रुसली. ते रुसणारी नाही. काय झालं तिले?"

नानांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं, त्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं की मागे घेता येणार नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन मधे आले आणि तिथेच उभी राहून बोलायला लागले. काय बोलले ते धड आठवत नाही. मेंदू, आपटणं, फोटो, उजेड, मीठ, झोप, सगळं एकदम. वहीतले शब्द वापरले असतील. दाजी माझ्याकडे नुसते पाहत होते.

मी थांबल्यावर सासूबाईंनी तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं. मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे घडाले मार लागला."

आम्हाला कळेना.

"केळीचा घड कापला का त्याले खाली पानं अंथरून ठेवतात. आपटू नाही देत. का? हिरवा असतो तवा मार दिसतच नाही. व्यापारी पाहून जाते, म्हणते, माल एक नंबर. पिकायले टाकला का मग डाग उठते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तसंच नं?"

"तसंच," मी म्हणाले. मग घाईनं म्हणाले, "पण केळाचा डाग जात नाही, मावशी. हा जातो. सांभाळलं तर जातो."

"मग केळापेक्षा बरं," त्या म्हणाल्या. आणि नानांना, ज्यांनी रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती, हसू आलं. त्यांनी ते पागोट्याच्या टोकानं पुसल्यासारखं केलं, पण ते आलं होतं.

आता मी इथं, धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात, तातडीच्या विभागात काम करते. वर्षभर मोटरसायकलवरून घसरलेले, बैलगाडीवरून पडलेले, माडीच्या जिन्यावरून गडगडलेले लोक येतात, आणि वैशाखात झोक्यांवरून पडलेल्या बायका. ज्यांच्या फोटोत काही दिसत नाही त्यांना डॉक्टर घरी सोडतात, आणि ते बरोबरच असतं. पण घरी सोडण्याआधी आम्ही आता त्यांना एका बाकावर बसवतो. एकट्याला नाही. घरी जे माणूस त्याच्याजवळ राहणार आहे, त्यालाही. पैसे भरणारा काका नको, गाडी चालवणारा भाचा नको. भाकर वाढणारी, रात्री शेजारी झोपणारी जी कोण असेल ती.

मी त्यांना त्यांच्याच बोलीत सांगते. काय झालं तर लगेच, वेळ न घालवता परत यायचं. उलट्या थांबत नसतील, डोकं दुखणं वाढतच असेल, हाक मारून उठत नसेल, फिट आली, हात-पाय लुळे वाटले, बोलणं अडखळू लागलं. हे एकदा सांगून भागत नाही. मग विचारते, आता तुम्ही मला सांगा. बाई सांगू लागते, मध्येच एखादी गोष्ट निसटते, नवरा ती पुरी करतो. आणि मग दुसरी गोष्ट सांगते, जी पूर्वी कुणीच सांगत नसे. की हे बाकीचं, उजेडाचा त्रास, विसरणं, चिडणं, रडणं, हे होऊ शकतं, ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत निवळतं, आणि ते सोंग नसतं. एकदोन दिवस विसावा, मग थोडं थोडं काम. मोबाइल कमी. झोप भरपूर. रावेर, यावलकडचे असले तर मला घडाची गोष्ट सांगता येते, आणि ते लगेच मान हलवतात. बाकीच्यांसाठी मी अजून काही शोधू शकलेले नाही.

मग काही दिवसांनी मी फोन करते. या फोनचं सगळ्यात अवघड काम म्हणजे तो योग्य हातात पोचवणं. फोन बाप्यांच्या खिशात असतो. "हां सिस्टर, एकदम बरी शे ती," असं शेतातून उत्तर येतं. मी म्हणते, घरी गेले की तिच्या हातात द्या, मी थांबते, पुन्हा लावते. कधी लागत नाही. कधी लागतो, आणि पलीकडून एक बारीक आवाज येतो, आणि त्या आवाजामागे कुठेतरी भांडं पडतं, आणि तो आवाज कळवळतो. मग मला कळतं की हिला पुन्हा बोलवायला हवं.

सगळं जमतं असं नाही. गर्दीच्या दिवशी त्या बाकावर दुसरेच पेशंट झोपलेले असतात. नव्या डॉक्टरांना वाटतं, नॉर्मल रिपोर्टवर एवढा वेळ कशाला. पण आमच्या मॅडम, आता निवृत्त झालेल्या, त्यांचं बोलणं मी विसरत नाही, आणि त्यांच्यासाठी म्हणून तरी मी तो बाक रिकामा करायला लावते. माझ्या शिक्षणाचं ऋण मी दुसऱ्या कशानं फेडणार?

कधीकधी दुपारी त्या क्वार्टर्समागच्या सावलीत मला अक्काची केळीची बाग दिसते. बरी होण्याच्या दिवसांत ती तिथं बसायची, असं तिनं मला नंतर सांगितलं. आमच्या पत्र्याच्या घरात नव्हता तो हिरवा, ओला काळोख तिथं होता. पानांतून गाळून आलेला उजेड डोळ्यांना टोचत नसे. पाण्याचा पाट पायांजवळून वाहायचा. ज्या जागेला ती टाळते आहे असं सगळं गाव समजत होतं, त्याच जागेनं तिचं डोकं शांत केलं. पण ते पुढचं. त्या दुपारी अजून कुणालाच माहीत नव्हतं की ती तिथं जाईल की नाही.

त्या दुपारी सासूबाई उठल्या आणि मधल्या खोलीच्या दाराशी आल्या. मायनं पोतं बाजूला सरकवलं. आत अंधार होता. अक्का उठून बसू लागली, डोक्यावर पदर घेऊ लागली. सासूबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं, आणि स्वतः फरशीवर बसल्या. आम्ही सगळे दारात. दाजी चौकटीला धरून उभे. मागे आबा, आणि आबांच्या मागे नाना, टाचा उंचावून पाहत.

"तुले न्याले आली मी," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण तू सांगशील तवा नेईन. आज येते? का राहाते? तुह्या मनाचं सांग."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. तिचे ओठ हलले. नाना काहीतरी बोलणार होते. आबांनी, ज्यांनी आयुष्यात कधी मोठ्या भावाला अडवलं नव्हतं, मागे न वळता हात उचलला. नाना थांबले. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत कुणी हललं नाही. दाजींच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला, त्यांनी तो पुसला नाही. अक्काची बोटं पदराच्या काठावरून सरकत होती. शब्द येत होता. कुठून तरी लांबून येत होता, आणि पहिल्यांदाच आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबलो होतो.

"माले," अक्का म्हणाली, आणि थांबली.

"हां," सासूबाई म्हणाल्या.

"माले झोप येई राहिनी."

सासूबाईंनी मायकडे पाहिलं. मायनं मान हलवली. मग त्यांनी आपली पिशवी उघडली, आतलं लुगडं काढलं, चौघडी घातली आणि अक्काच्या डोक्याखाली सरकवलं. "मग झोप," त्या म्हणाल्या. "मी आहे इथी. कोणी उठवणार नाही."

अक्का आडवी झाली. थोड्या वेळानं तिचा श्वास लांबला. ती दचकली नाही. नानांनी हळूच चपला हातात घेतल्या, आणि अनवाणी, तापल्या अंगणातून, ओट्याकडे गेले.